बायबलचे मराठी कीर्तन : कोकणातून बैर-शेबापर्यंत

ख्रिस्ती गायकवृंद परदेश दौऱ्यावर निघाला आणि वाटेत इस्राएल-पॅलेस्टाइन असले, की कार्यक्रमांच्या जोडीला बायबलमधली ठिकाणे पाहणे ठरलेलेच असते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी बेथलेहेमच्या चर्चसमोरच्या चौकात देशोदेशीचे वृंद गात आले आहेत; २०२३ मध्ये गाझातील युद्धामुळे तो सोहळा रद्द झाला. यरुशलेमच्या जुन्या शहरात संत अॅनाचे बाराव्या शतकातले चर्च आहे. त्याच्या दगडी कमानींखाली आवाज इतका घुमतो, की चार माणसांचे गाणेही भरदार वाटते. त्यामुळे यात्रेकरूंचे गट तिथे मुद्दाम थांबतात आणि एखादे गीत म्हणून मगच पुढे जातात. गाणे आपल्या गावाहून न्यायचे आणि जिथे गोष्ट घडली तिथे ते म्हणायचे, अशी ही रीत आहे.

मराठीत हा प्रवास वेगळ्या क्रमाने झाला, म्हणून या नोंदीत त्याची माहिती देत आहोत. आपल्याकडे बायबलमधली गावे आधी ओवीत आणि कीर्तनात आली. ती गाणाऱ्यांपैकी काही माणसे बऱ्याच काळाने त्या गावांत पोहोचली, आणि तीही पाहुणी म्हणून नव्हे, तर कायमची राहायला.

सुरुवात गोव्यातून करावी लागते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या भागात जुन्या कराराच्या कथा आहेत, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. सासष्टीतल्या श्रोत्यांनी यरुशलेम पाहिले ते या ओव्यांतून.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी हरिदासी कीर्तनाचा बाज उचलला. पूर्वरंग, उत्तररंगातले आख्यान, साक्या-दिंड्या, टाळ-मृदंग हे सगळे तेच; आख्यान मात्र बायबलमधले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या पद्धतीला खरे बळ दिले. आपल्या भागाशी त्यांचा एक धागा आहे. जुन्या मध्य प्रांतात नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतल्या एका सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचायचा आग्रह केला, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले; ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

पण आमच्या मते या विषयातला सर्वांत रोचक भाग ख्रिस्ती मंडळींचा नाही, तो कोकणातल्या बेने इस्राएलांचा आहे. हे मराठी बोलणारे यहुदी. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. मिशनऱ्यांनी केलेली बायबलची मराठी भाषांतरे त्यांच्या हाती आली. आपल्याच पूर्वजांच्या कथा आपल्या बोलीत वाचायला मिळाल्यावर त्यांनी त्या सांगण्यासाठी कीर्तनच निवडले. हरिदासांची कीर्तने तर ते ऐकत आलेच होते. १८८०च्या सुमारास मुंबईत त्यांचे कीर्तनोत्तेजक मंडळ निघाले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांच्यातले नावाजलेले कीर्तनकार. अब्राहामाचे, योसेफाचे आख्यान लागले, की श्रोत्यांना सूर ओळखीचा वाटे आणि गोष्ट घरची.

त्यांनी बायबलमधले एक ठिकाणसुद्धा कोकणात आणून ठेवले आहे. अलिबागजवळ खंडाळे गावी एका खडकावर खुणा आहेत. एलीया संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात जाताना त्याचा रथ इथे टेकला, त्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या या खुणा, अशी त्यांची श्रद्धा. तिथे नवस फेडतात, मलिदा करतात. गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे असा हा नैवेद्य. तो पाहून आपल्या कुणालाही अगदी घरातलाच वाटेल.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाले आणि पुढच्या दशकांत यांतली बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. सुरुवातीचे दिवस सुखाचे नव्हते. विवाहाच्या बाबतीत त्यांच्या यहुदीपणावरच धर्मपीठाने शंका घेतली. त्यासाठी त्यांना रस्त्यावर उतरावे लागले, आणि १९६४ मध्ये प्रश्न सुटला. त्यांची वस्ती झाली ती अश्दोद, लोद, रामला, दिमोना, बैर-शेबा या गावांत. यांतली नावे मराठी बायबलमध्ये शोधून पाहावीत. अश्दोदला पलिष्ट्यांच्या दागोन देवाचे मंदिर होते. बैर-शेबाला अब्राहामाने विहीर खणली, आणि ती आपलीच असल्याची साक्ष म्हणून अबीमलेखाला सात कोकऱ्या दिल्या. आजही तिथे 'अब्राहामाची विहीर' म्हणून एक जुनी विहीर दाखवतात. मुंबईत ज्यांनी अब्राहामाचे आख्यान ऐकले, त्यांचीच मुले-नातवंडे या गावात वाढली. दौऱ्यावर आलेल्या गायकवृंदाला हे ठिकाण तासाभरात पाहून निघावे लागते. यांचे तिथे रेशन, शाळा, बसथांबा सगळेच होते.

मग कीर्तनाचे काय झाले? पूर्ण कीर्तन, निरूपणासह, आता क्वचितच होते. उरली आहेत त्यातली पदे, आणि ती म्हणणाऱ्या बहुतेक वयस्क बायका. त्यांनीच ही परंपरा इतकी वर्षे धरून ठेवली, हे इथे आवर्जून नोंदवले पाहिजे. 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही त्या देशात चालवले गेले, महाराष्ट्र दिन साजरा होतो. पण नव्या पिढीची भाषा हिब्रू आहे. पदाचा सूर नातीला आवडतो, अर्थ आजीला सांगावा लागतो, आणि हिब्रूत शिकलेल्या नातीला मराठी वही वाचता येत नाही.

बुधवाऱ्यातल्या आपल्या घरांना हे परके वाटू नये. आपली मुलेही शाळेत हिंदी बोलतात आणि आजोबांना हिंदीतच उत्तर देतात. फरक एवढाच, की हिंदीची आणि मराठीची लिपी एक असल्यामुळे आपल्या मुलांना जुनी वही निदान वाचता येते.

मराठी ख्रिस्ती माणसे आजही या भूमीच्या यात्रेला जातात. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तिच्यावर 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' हे पुस्तक लिहिले. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ते हेच. देवळे-चर्चे मोजत फिरणाऱ्या यात्रावर्णनांपेक्षा हे पुस्तक आम्हाला जवळचे वाटते, कारण त्या भूमीवर आज राहणाऱ्यांचे दुःख त्यात बाजूला ठेवलेले नाही.

बेने इस्राएलांच्या गाण्यांची काही ध्वनिमुद्रणे यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहात जपलेली आहेत. कीर्तनाची गोडी असलेल्यांनी ती जरूर मिळवून ऐकावीत. सुरुवातीच्या दोन ओळींतच चाल ओळखू येण्याचा संभव आहे.