रात्रीचे दोन, कंदी पेढा आणि टोरांटोचे ससे: हायपोची गोष्ट

आजचा भागही इतिहासाचाच आहे, पण सुरुवात आमच्या घरातून करतो.

दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीला साताऱ्याला आलो होतो. बाबा बरीच वर्षं इन्सुलिन घेतात. त्या रात्री एका लग्नाहून उशिरा घरी आलो. बाबांनी इन्सुलिन घेतलं आणि दमल्यामुळे अर्धवट जेवूनच झोपले. रात्री दोनला आईची हाक आली. जाऊन बघतो तर बाबांचा बनियन घामानं ओलाचिंब, हात थरथरतायत, आणि मला विचारतायत, "ऑफिसची बस आली का रे?" रिटायर होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. "अहो, असं काय बोलताय?" म्हणत आई रडकुंडीला आलेली.

साखर उतरलीय एवढं मला कळलं. फडताळात कंदी पेढे होते, ते भरवले. वीस मिनिटं गेली तरी काही फरक नाही. शेजारच्या काकू नर्स आहेत. त्या आल्या आणि म्हणाल्या, "अरे, पेढा काय भरवतोस? साखरेचं पाणी कर आधी!" ते प्यायल्यावर पंधराएक मिनिटांत बाबा ताळ्यावर आले. सकाळी मान खाली घालून एवढंच म्हणाले, "माझीच चूक."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून या हायपोचा, म्हणजे रक्तातली साखर फार खाली जाण्याचा, इतिहास वाचायला घेतला.

तर चला टोरांटोला. १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क काढत होते. प्रयोगशाळा मॅक्लिऑड यांची. अर्क शुद्ध करायला त्यांनी कॉलिप नावाच्या बायोकेमिस्टला सोबत घेतलं. कॉलिप तो अर्क निरोगी सशांना टोचून बघायचे. साखर उतरायची, पण फारच उतरली की सशांना झटके यायचे, ते बेशुद्ध पडायचे. आणि ग्लुकोज टोचलं की तेच ससे सावरायचे! म्हणजे रोग्याला औषध नीट लागू पडण्याआधीच हायपो आणि त्यावरचा उपाय, दोन्ही प्रयोगशाळेत दिसले होते.

११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं, ते फारसं लागू पडलं नाही. २३ जानेवारीपासून कॉलिपनं शुद्ध केलेला अर्क दिला आणि पोरगा सुधारला. आता प्रश्न आला मापाचा. अर्कात ताकद किती, हे मोजायचं कसं? उत्तर पुन्हा सशांनीच दिलं. साधारण दोन किलोच्या उपाशी सशाची साखर ४५ पर्यंत खाली आणणारी मात्रा म्हणजे एक युनिट. पुढे त्याचा तिसरा हिस्सा धरून रोजच्या वापराचं युनिट ठरलं. जरा विचार करा, आपण ज्याला युनिट म्हणतो, ते माप मुळात हायपोवरूनच ठरलंय.

त्याच वर्षी टोरांटोच्याच कॅम्पबेल आणि फ्लेचर या डॉक्टरांनी माणसांमधली लक्षणं लिहून ठेवली: भूक, थरथर, घाम, गोंधळ. बाबांचीच यादी म्हणा ना.

आता मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला पुढचा भाग जास्त टोचला. औषध आलं, पण घरी साखर मोजायची सोय नव्हती. लोक लघवी तपासायचे. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवी घालून तापवायची. साखर असेल तर रंग हिरवा, पिवळा, शेवटी विटकरी. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली तरच ती लघवीत उतरते. म्हणजे साखर १५० असो की ४०, रंग निळाच! धोक्याचा अलार्मच नाही. पन्नासएक वर्षं माणसं अशी अंदाजानं डोस घेत होती.

१९७० च्या आसपास रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं एका नव्या मीटरची जाहिरात पाहिली. त्यांना स्वतःला वयाच्या बाराव्या वर्षापासून डायबिटिस. मीटर दीडएक किलोचं, किंमत ६५० डॉलर, आणि विक्री फक्त डॉक्टरांना. त्यांची बायको डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावानं घेतलं. दिवसातून चार-पाचदा मोजून ते डोस आणि जेवण जुळवायला लागले. डॉक्टर मंडळी ऐकेनात, तेव्हा पंचेचाळिशीत मेडिकलला प्रवेश घेऊन हा माणूस स्वतःच डॉक्टर झाला.

पण मोजलं म्हणजे हायपो संपला असं नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की साखर कडक ताब्यात ठेवली तर डोळे, किडनी, नसा यांचं नुकसान कमी होतं, पण गंभीर हायपो साधारण तिप्पट वाढतात. म्हणजे नियमानं वागणाऱ्यालाही हे होतं. हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून रीडिंगची वही लपवायचं बंद झालं.

आता आमच्या घरचा नियम. साखर ७० च्या खाली गेली, किंवा लक्षणं आहेत आणि मीटर हाताशी नाही, तर थांबायचं नाही. १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात ढवळून प्यायची; ग्लुकोज पावडर असेल तर उत्तम. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर जेवण लांब असेल तर पोळी, बिस्किट असं काही खायचं. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. आणि माणूस बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन करायचा. घरी ग्लुकागॉन असेल आणि द्यायला शिकलेलं कुणी असेल तर ते द्यायचं. हायपो वारंवार होत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, डोस तेच बदलतील.

तुमच्या घरात कुणी इन्सुलिनवर असेल तर आज झोपण्याआधी एक काम करा. ग्लुकोजचा डबा उशाशी ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना तो दाखवून ठेवा. आमचा बाबांच्या चष्म्याशेजारी असतो. भेटू पुढच्या भागात!