टॅगची कुळी युनिटर्मच्या कार्डांत

वेबवरच्या टॅगचा जन्म बहुतेकजण 2003 साली जोशुआ शॅक्टर यांच्या ‘डिलिशस’ या बुकमार्क साठवण्याच्या साइटवर मानतात, मग फ्लिकर, मग 2007 मध्ये ख्रिस मेसिना यांनी सुचवलेला हॅशटॅग. माझ्या मते ही वंशावळ नातवापासून सुरू होते. मूळपुरुष आहेत मॉर्टिमर टाउब, अमेरिकेतले ग्रंथालयतज्ज्ञ. 1950 च्या दशकाच्या आरंभी तांत्रिक अहवालांची विषयशीर्षकं तपासताना त्यांना दिसलं की, सुमारे 40,000 शीर्षकं जेमतेम 7,000 शब्दांच्या जुळवाजुळवीतून झाली आहेत. मग शीर्षकं हवीत कशाला? त्यांनी प्रत्येक सुट्या शब्दाचं एक कार्ड केलं आणि तो शब्द ज्यांना लागू पडतो त्या अहवालांचे नुसते क्रमांक त्यावर मांडले. ही ‘युनिटर्म’ पद्धत. कार्डावर दहा रकाने. क्रमांकाचा शेवटचा अंक जो असेल, त्या रकान्यात नोंद. समजा, ‘पंख’ आणि ‘कंपन’ ही कार्डं शेजारी ठेवली आणि दोन्हींच्या ‘2’च्या रकान्यात 1042 सापडला, की तो अहवाल काढायचा. आज वेब ॲपमध्ये टॅगची सोय करताना लेखांचं एक टेबल, टॅगचं दुसरं आणि दोघांचे क्रमांक जोडणारं तिसरं टेबल करतात. ते तिसरं टेबल म्हणजे टाउब यांच्या कार्डांचा गठ्ठाच!

आपल्याकडे पहिला आक्षेप ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या नावाने येईल. त्यांच्या कोलन वर्गीकरणाने 1933 मध्येच विषयाचे पैलू सुटे केले होते, हे खरंच. पण त्या पैलूंना ठरलेला क्रम आहे, कारण शेवटी पुस्तकाला फडताळात एकच जागा द्यायची आहे. टॅगला ना क्रम, ना जागा. इंग्लंडात क्रॅनफिल्डला सिरिल क्लेव्हर्डन यांनी 18,000 कागदपत्रांवर चार पद्धती तपासल्या, तेव्हाही युनिटर्म आणि पैलू पद्धत या दोन स्वतंत्र स्पर्धक म्हणूनच उतरल्या होत्या. युनिटर्म किंचित पुढे राहिली. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: युनिटर्म लावायचे नेमलेले कर्मचारी, टॅग लावतो कुणीही. थॉमस वँडर वाल यांनी 2004 मध्ये ‘फोक्सॉनॉमी’ हे नाव दिलं ते याच फरकाला. पण लावणारा बदलला म्हणून कुळी बदलत नाही, आणि तिची खूण दोषांत पटते. ‘शाळा’ आणि ‘ग्रंथालय’ हे सुटे शब्द शाळेतल्या ग्रंथालयालाही लागतात नि ग्रंथालयशास्त्राच्या शाळेलाही; कार्डांवर हा घोटाळा होई, टॅगमध्येही होतो. समानार्थी शब्दांचंही तेच. युनिटर्मच्या वारसदारांना 1960 च्या सुमारास थिसॉरस, म्हणजे समानार्थी नि संबंधित शब्दांच्या याद्या, तयार करावे लागले. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या साइटनेही टॅगच्या समानार्थांची यादी ठेवली आहे, आणि तिथे ‘जेएस’चा ‘जावास्क्रिप्ट’ होतो.