कॅलिफोर्निया सोडून टेक्सासला जावं का? 'झिरो टॅक्स'वाल्या रीलमध्ये न सांगितलेला हिशोब

इन्स्टावर अशी एक तरी रील तुमच्यासमोर आलीच असेल. डावीकडे सॅन होजेतलं दोन बेडरूमचं जुनं घर, उजवीकडे डॅलसजवळच्या फ्रिस्कोमधला पाच बेडरूमचा बंगला आणि खाली ओळ, "इथे स्टेट टॅक्स शून्य." कॉमेंटमध्ये कोणीतरी मित्राला टॅग केलेलं असतं, "बघ रे, निघायचं का?"

आता या रीलमागे खरा मुद्दा आहे. २०२० च्या जनगणनेनंतर अमेरिकन संसदेच्या कनिष्ठ सभागृहात कॅलिफोर्नियाची एक जागा कमी झाली, ५३ च्या ५२ झाल्या. या राज्याच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. त्याच वेळी टेक्सासच्या दोन जागा वाढल्या.

अमेरिकन जनगणना विभागाच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात सुमारे ८ लाख १७ हजार लोक कॅलिफोर्निया सोडून दुसऱ्या राज्यांत गेले. त्यातले एक लाखाहून जास्त एकट्या टेक्सासला. पण त्याच वर्षी पावणेपाच लाखांच्या आसपास लोक दुसऱ्या राज्यांतून कॅलिफोर्नियात आलेसुद्धा.

म्हणजे जाणारे शहाणे आणि येणारे वेडे, असं काही नाही. दोघांचे हिशोब वेगळे आहेत. तुमचा हिशोब कुठला, हे बघायचं तर टॅक्स, घर, पगार, व्हिसा आणि परतीची वाट असे पाच आकडे वेगवेगळे मांडावे लागतात.

१. टॅक्स खरंच किती वाचतो?

टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही. कॅलिफोर्नियात तो १ टक्क्यापासून सुरू होऊन १२.३ टक्क्यांपर्यंत जातो आणि दहा लाख डॉलरच्या पुढच्या उत्पन्नावर आणखी १ टक्का लागतो. रीलमध्ये '१३.३ टक्के' दिसतात ते इथून. पण हा दर फक्त त्या वरच्या रकमेला लागतो, पूर्ण पगाराला नाही.

२०२४ च्या दरांनी बघू. फक्त स्टँडर्ड डिडक्शन घेतलंय असं धरू.

- एकटी व्यक्ती, पगार १ लाख डॉलर : राज्याचा टॅक्स साधारण ५,२०० डॉलर.
- जोडपं, दोघांचं मिळून १ लाख डॉलर : साधारण २,२०० डॉलर.
- जोडपं, दोघांचं मिळून २ लाख डॉलर : साधारण १०,३५० डॉलर.

याशिवाय पगारातून राज्याच्या अपंगत्व विम्याचे पैसे कापले जातात. २०२४ मध्ये तो दर १.१ टक्के होता आणि त्या वर्षापासून त्यावरची कमाल मर्यादाही काढून टाकली. म्हणजे २ लाखवाल्या जोडप्याचे एकूण साडेबारा हजार डॉलर वाचतात, तर १ लाखवाल्या जोडप्याचे जेमतेम ३,३०० डॉलर.

आता टेक्सास सरकार चालतं कशावर? मोठा भार आहे प्रॉपर्टी टॅक्स आणि सेल्स टॅक्सवर. डॅलसच्या आसपासच्या बऱ्याच उपनगरांत घराच्या किमतीच्या दीड ते दोन-सव्वादोन टक्क्यांपर्यंत प्रॉपर्टी टॅक्स लागतो. राहत्या घराला सूट मिळते. तरीही ५ लाख डॉलरच्या घरावर वर्षाला सात ते नऊ हजार डॉलर जाऊ शकतात. वर दिलेल्या १ लाखवाल्या जोडप्याने असं घर घेतलं, तर इन्कम टॅक्समध्ये वाचलेले पैसे इथेच संपतात आणि वर खिशातून घालावे लागतात.

थोडक्यात काय, तर पगार जितका जास्त तितका 'झिरो टॅक्स'चा फायदा मोठा. मध्यम पगाराच्या माणसाने फक्त टॅक्ससाठी बॅग भरू नये.

२. खरा फरक घराचा आहे

एप्रिल २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्वतंत्र घराची मध्यम किंमत पहिल्यांदाच ९ लाख डॉलरच्या वर गेली. टेक्सासमध्ये हीच किंमत साडेतीन लाखांच्या आसपास होती. टॅक्समधला काही हजारांचा फरक आणि घरातला पाच-साडेपाच लाखांचा फरक, यांची तुलनाच होत नाही.

कॅलिफोर्निया एवढं महाग का? किनाऱ्याजवळच्या शहरांत चांगल्या नोकऱ्या भरपूर वाढल्या, पण त्या प्रमाणात घरं बांधली गेली नाहीत. बऱ्याच भागांत वर्षानुवर्षं एका प्लॉटवर एकच घर असा नियम होता. नवीन प्रकल्पाला पर्यावरणाच्या कायद्याखाली कोर्टात अडवता येत होतं. अलीकडे हे नियम सैल केले जातायत, पण मागचा अनुशेष मोठा आहे. टेक्सासमध्ये मोकळी जमीन आणि सोपी परवानगी, त्यामुळे मागणी वाढली की बांधकामही वाढतं. ऑस्टिनमध्ये २०२२ पर्यंत भाव प्रचंड चढले, मग नवीन घरांचा आणि अपार्टमेंटचा पुरवठा आला आणि भाव आणि भाडी दोन्ही खाली आली. याची दुसरी बाजू अशी की तिथे घर म्हणजे कायम वर जाणारी गुंतवणूक, असं धरून चालता येत नाही.

आता इथे सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : तुम्ही कॅलिफोर्नियात भाड्याने राहता, की तुमचं घर आहे?

भाड्याने राहत असाल आणि डाउन पेमेंट जमायचं नावच घेत नसेल, तर जाण्याची बाजू भक्कम आहे.

पण १२-१५ वर्षांपूर्वी घर घेतलं असेल, तर थांबा. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर केलं. त्यानुसार प्रॉपर्टी टॅक्स आजच्या बाजारभावावर लागत नाही, खरेदीच्या किमतीवर लागतो. मूळ दर १ टक्का, वर थोडे स्थानिक कर. आणि करपात्र किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. २०१० मध्ये ५ लाखांना घेतलेलं घर आज १५ लाखांचं झालं असलं, तरी टॅक्स भरायचा तो साधारण ६ लाख ६०-७० हजारांवर. टेक्सासमध्ये राहत्या घराची करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढू शकते.

तुमच्यावर जुनं तीन टक्क्यांचं होम लोन असेल, तर तेही घर विकलं की गेलं. २०२१ मध्ये व्याजदर तीन टक्क्यांच्या खाली होते, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते आठ टक्क्यांच्या जवळ पोचले. म्हणजे राज्य 'महाग' असलं, तरी जुन्या घरमालकासाठी ते तेवढं महाग नसतं.

३. पगार तोच राहणार का?

तीन प्रकार होतात.

- नवीन नोकरी घेऊन जाणार : ऑफर टेक्सासच्या बाजारभावाने येते. बे एरियातला पगार मिळेल असं धरू नका.
- त्याच कंपनीत, पण घरून काम : अनेक मोठ्या कंपन्या राहण्याच्या जागेप्रमाणे पगार बदलतात. एचआरकडून नवा आकडा लेखी घ्या, मगच घर बघायला जा.
- कंपनीच हलतेय : ओरॅकल, टेस्ला, शेव्हरॉन यांनी मुख्यालयं टेक्सासला नेली किंवा नेण्याचं जाहीर केलं. पण मुख्यालय हललं म्हणजे तुमची टीम हललीच असं नाही.

शेअर्स मिळत असतील तर अजून एक मेख आहे. आरएसयू देण्याच्या तारखेपासून ते हातात पडेपर्यंत तुम्ही जितके दिवस कॅलिफोर्नियात काम केलं, त्या प्रमाणात कॅलिफोर्निया टॅक्स मागतं. शेअर्स हातात पडताना तुम्ही टेक्सासला असलात तरी.

आणि राज्य सोडलं हे नुसतं सांगून चालत नाही. नवरा डॅलसला, बायको-मुलं फ्रीमॉन्टला, लायसन्स आणि डॉक्टर जुनेच, असं असेल तर कॅलिफोर्नियाचा टॅक्स विभाग तुम्हाला इथलेच रहिवासी धरू शकतो. एक दिलासा आहे : राज्य खरोखर सोडल्यावर ४०१-के सारख्या निवृत्तीच्या पैशांवर जुन्या राज्याला टॅक्स लावता येत नाही. तसा केंद्राचा कायदा १९९६ पासून आहे.

अजून एक फरक. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायला मनाई करणारा करार कॅलिफोर्नियात साधारणपणे चालत नाही. टेक्सासमध्ये वाजवी मर्यादेत तो चालतो. सही करण्याआधी ते कलम वाचा.

४. एच-वन-बी असेल तर हा मुद्दा आधी वाचा

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी हा सगळ्यात नाजूक भाग. एच-वन-बीवर असताना कामाची जागा एका महानगर क्षेत्राबाहेर गेली, तर कंपनीला सुधारित अर्ज दाखल करावा लागतो. २०१५ पासून हे स्पष्ट झालंय. घरून काम करत असाल तरी 'कामाची जागा' म्हणजे तुमचं घर. मॅनेजरला फोनवर सांगून सामान हलवलं, असं इथे चालत नाही.

ग्रीन कार्डची प्रक्रियाही जागेशी बांधलेली असते. लेबर सर्टिफिकेशन विशिष्ट ठिकाणच्या नोकरीसाठी काढलेलं असतं. जागा बदलली तर ती पायरी पुन्हा करावी लागू शकते. आय-१४० मंजूर झालेलं असेल तर रांगेतली जुनी तारीख सहसा टिकते. शेवटचा अर्ज, म्हणजे आय-४८५, दाखल होऊन १८० दिवस झाले असतील तर त्याच प्रकारच्या नोकरीत बदल करता येतो. भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची आहे, त्यामुळे कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय घराचं टोकन देऊ नका.

५. रोजचं जगणं

वीज : फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासची ग्रिड कोलमडली. लाखो घरं कडाक्याच्या थंडीत अंधारात राहिली. राज्याच्याच नोंदीनुसार त्या वादळात २४६ जणांचा जीव गेला.

आग आणि विमा : कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळचे पॅसिफिक पॅलिसेड्स आणि अल्टाडेना आगीत उद्ध्वस्त झाले. त्याआधीच, २०२३ मध्ये, स्टेट फार्मने राज्यात घरांच्या नव्या पॉलिसी देणं थांबवलं होतं. पण टेक्सासही स्वस्त नाही. गारपीट आणि वादळांमुळे तिथला घराचा विमाही देशात महागड्यांपैकी आहे.

मुलं : मूल हायस्कूलमध्ये असेल तर कॉलेजचा विचार आधी करा. कॅलिफोर्नियाचा रहिवासी नसेल तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात वर्षाला तीस हजार डॉलरहून जास्त जादा फी लागते. तिकडे टेक्सासमध्ये हायस्कूलच्या वरच्या क्रमांकातल्या मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेशाचा कायदा आहे. पण अभ्यासू मुलांनी भरलेल्या शाळेत तो क्रमांक मिळवणं सोपं नसतं.

आपली माणसं : याची काळजी फार नको. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन २०१९ मध्ये डॅलसला झालं, २०२४ मध्ये सॅन होजेला. गणपती आणि मराठी शाळा दोन्हीकडे आहेत. बदलतं ते हवामान. डॅलसच्या उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जाणं नेहमीचं आहे. बे एरियाची सवय झालेल्या आईबाबांना संध्याकाळी फिरायला जाता येईल का, हे विचारून घ्या.

परतीचा हिशोब

बहुतेक लोक जाण्याचा खर्च मांडतात, परत येण्याचा मांडत नाहीत. खरी जोखीम तिथेच आहे.

टेक्सासहून पाच वर्षांनी परत यायचं ठरलं, तर कॅलिफोर्नियात घर त्या वेळच्या भावाने घ्यावं लागेल, लोन त्या वेळच्या दराने आणि प्रॉपर्टी टॅक्स नव्या किमतीवर. ५५ वर्षांवरच्या घरमालकाला जुना कमी टॅक्स नव्या घरावर नेता येतो, पण फक्त कॅलिफोर्नियाच्या आतल्या आत. भाडेकरूला हा धोका कमी, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखं जुनं काही नसतं.

म्हणून घरमालकाने पहिल्याच दिवशी घर विकायची घाई करू नये. भाड्याने देता येतं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. भाड्याच्या उत्पन्नावर कॅलिफोर्निया टॅक्स घेतंच. आणि राहत्या घराच्या विक्रीत जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर केंद्राचा टॅक्स माफ असतो, एकट्याला अडीच लाखांपर्यंत. त्यासाठी विक्रीआधीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. म्हणजे सोडल्यानंतर ठरवायला साधारण तीन वर्षं मिळतात.

मग नेमकं करायचं काय?

१. मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न काढा आणि राज्याला खरंच किती गेले तो आकडा बघा.
२. टेक्सासमध्ये आवडलेल्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स आणि विमा, दोन्हीचा लेखी आकडा घ्या.
३. कंपनीकडून नवा पगार आणि वकिलाकडून व्हिसाचं उत्तर, दोन्ही ईमेलवर घ्या.
४. घर बघायला ऑक्टोबरमध्ये जाऊ नका, ऑगस्टमध्ये जा.
५. पहिलं वर्ष तिथे भाड्यानेच राहा.

हे पाच आकडे एका कागदावर आले की बऱ्याच जणांचं उत्तर स्पष्ट होतं. चांगला पगार, अजून भाड्याचं घर आणि व्हिसाची अडचण नाही, असं असेल तर जाण्यात अर्थ आहे. जुनं घर, कमी व्याजाचं लोन आणि अर्ध्यावर आलेलं ग्रीन कार्ड असेल, तर 'महाग' कॅलिफोर्नियाच तुम्हाला स्वस्त पडू शकतो.