बोर्डाला नाव हवं

दोन दिवस माझ्या टर्मिनलवर एकच अक्षर उमटत होतं: सी, सी, सी, सी. आम्ही पुण्यात डिझाइन केलेला हा पहिलाच बोर्ड. शुक्रवारपर्यंत तो सुरू झाला नाही तर पुढची ऑर्डर थांबवायची, असं ठरलं होतं. त्यातल्या एएम३३५एक्स प्रोसेसरला एसडी कार्डावर काही सापडलं नाही, की आतला रॉम सिरियल केबलवरून प्रोग्रॅमची वाट बघत राहतो; ते हे सी. कार्ड नव्यानं तयार केलं. सी थांबले आणि स्क्रीन कोरा झाला. म्हणजे प्रगती होती; फक्त ती दिसत नव्हती.

मग यू-बूटचा कोड वाचायला बसलो. अनेक फायलींच्या माथ्यावर एकच नाव होतं: वोल्फगांग डेंक. हा माणूस कोण, हे शोधताना पंचवीसेक वर्षं मागे गेलो.

सुरुवात मॅग्नस डॅम यांच्या '८एक्सएक्सरॉम'पासून झाली. पॉवरपीसी ८एक्सएक्स प्रोसेसरसाठी लिहिलेला तो एक छोटा बूटलोडर. १९९९ मध्ये डेंक यांनी तो सोर्सफोर्जवर नेला. तिथे प्रकल्पाचं नाव आकड्यानं सुरू झालेलं चालत नसे, म्हणून तो 'पीपीसीबूट' झाला. पुढे 'एआरएमबूट' नावाची फांदी फुटली आणि लवकरच परत खोडाला येऊन मिळाली. एकाच प्रोसेसरचं नाव आता पुरेना. नोव्हेंबर २००२ मध्ये 'यू-बूट' हे नाव आलं. जर्मनमध्ये त्याचा अर्थ पाणबुडी. 'बूट'वरचा हा श्लेष जर्मन डेंक यांना शोभणाराच.

म्हणजे प्रत्येक टप्प्यानं पुढच्या, मोठ्या टप्प्याला उभं केलं आणि स्वतः बाजूला झाला. बोर्ड सुरू होतो तोही असाच. सुरुवातीला रॅम चालूच नसते. रॉम चिपमधल्या जेमतेम शंभरेक किलोबाइट जागेत एसपीएल हा छोटा तुकडा आणतो, एसपीएल रॅम जागी करतो, रॅममध्ये पूर्ण यू-बूट येतो आणि तो लिनक्सच्या हाती कारभार सोपवतो.

आमची साखळी एसपीएलपाशी तुटत होती. आम्ही आधाराला घेतलेल्या बीगलबोन ब्लॅकवर एक छोटी ईईप्रॉम असते. तीत बोर्डाचं नाव लिहिलेलं असतं. एसपीएल आधी ते नाव वाचतो आणि त्यावरून रॅमची टायमिंग निवडतो. चार पैसे वाचवायला ती ईईप्रॉम मीच काढायला सांगितली होती! आमच्या बोर्डाला नावच नव्हतं.

मग आमच्या बोर्डासाठी वेगळी फाइल केली. नावाची चौकशी काढून टाकली, रॅमच्या डेटाशीटवरून टायमिंग मोजून थेट लिहिली. गुरुवारी रात्री टर्मिनलवर यू-बूटची ओळ आली, खाली '५१२ एमबी' दिसलं, आणि मी खुर्चीतून उठून उगाचच पॅसेजमध्ये एक चक्कर मारून आलो.

२०१२ मध्ये डेंक यांनी प्रकल्पाची धुरा टॉम रिनी यांच्याकडे दिली. २०२२ मध्ये ते गेले. मी त्यांना कधी भेटलो नाही. पण यू-बूट वाढला तो असाच: कुणाचा तरी बोर्ड अडला, त्यानं आपल्यापुरतं उत्तर लिहिलं आणि ते सगळ्यांसाठी ठेवलं. आमची फाइल अजून आमच्याच सर्व्हरवर पडून आहे. ती साफसूफ करून पाठवायची राहिली आहे. या महिन्यात ते करायचं ठरवलंय.