दोन ओढ्यांमधले गाव

कसबा गणपतीपासून निघून गावाला वळसा घालून परत तिथेच यायचे, आणि शक्य तितके पाण्याच्या कडेने चालायचे, असा बेत आम्ही बरेच दिवस मनात बाळगून होतो. आज पुण्यात नदीखोऱ्यातली रपेट म्हटली की मुळशी, पानशेत, सिंहगडाचा पायथा असे काही डोळ्यांसमोर येते. परंतु ज्याला आपण पुणे म्हणतो ते मुळात एक खेडेच होते, आणि ते वसले होते उत्तरेला मुठा, पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबील ओढा अशा तीन प्रवाहांच्या बेचक्यात. राष्ट्रकूटांच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत 'पुण्यविषय' आणि 'पूनकविषय' हे उल्लेख सापडतात. हे गाव वाड्यांचे आणि पेठांचे होण्याआधी ओढ्यांचे होते.

आमची वाट प्रथम उत्तरेला उतरते, कुंभारवाड्याकडे. कुंभार नदीकाठी का, हा प्रश्न विचारावा लागत नाही. माती आणि पाणी दोन्ही तिथेच. गावकुसाच्या या बाजूच्या वेशीला कुंभारवेस म्हणत, ते नाव वेस गेल्यावरही टिकून आहे. जुन्या किल्ल्याला 'पांढरीचा कोट' असेही म्हणत. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, काळी म्हणजे पिकाची. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ही जोडी ध्यानात ठेवावी, कारण पुण्याची सर्वांत प्रसिद्ध दंतकथा या दोन शब्दांवाचून कळत नाही. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने गाव जाळले आणि त्यावर गाढवांचा नांगर फिरवला. पुढे जिजाबाईंनी सोन्याच्या फाळाचा नांगर धरवला, असे परंपरा सांगते. पांढरीवर नांगर चालवणे म्हणजे वस्तीचा शेवट. तोच नांगर पुन्हा काळीत चालला तेव्हा वस्ती परतली. सोन्याचा फाळ खरा की खोटा, यावर वाद घालणाऱ्यांना हे सांगावेसे वाटते की कथेचा अर्थ धातूत नसून जमिनीच्या रंगात आहे.

पुढे पूर्वेला वळून नागझरी धरावी लागते. धरावी म्हणतो खरे, पण आज ती बहुतेक ठिकाणी भिंतींमधून वाहणारे सांडपाणी आहे, आणि तिचा शोध नाकाने आधी लागतो. दारूवाला पूल, बुरुडी पूल या नावांत पूल आहे म्हणून खाली पाणी असणार, असा उलटा तर्क करावा लागतो. तिच्याच काठी सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीचे अठराव्या शतकातले मंदिर आहे. दगडी दर्शनी भिंतीवर इंग्रज शिपायांनी साखळदंडाने जखडलेला गेंडा कोरला आहे. पुण्यात गेंडा कुठून आला, याविषयी विद्वानांनी तर्क केले आहेत. आम्ही मात्र बराच वेळ त्या साखळीकडे पाहत उभे राहिलो.

पश्चिमेची कड मात्र हाती लागत नाही. तांबडी जोगेश्वरी एकेकाळी गावाबाहेर, आंबील ओढ्याच्या काठी होती. आज तिच्याभोवती बाजार आहे आणि ओढा नाही. कात्रजच्या डोंगरातून येणारा हा ओढा नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून पश्चिमेला वळवला, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर गाव पसरले. त्याच काळात कात्रजहून भूमिगत नळाने पाणी आणून शनिवारवाड्यापर्यंत आणि वाटेतल्या हौदांपर्यंत पोहोचवले गेले. एकाच पेशव्याने एक पाणी गावाबाहेर काढले आणि दुसरे आत आणले. पर्वतीच्या तळ्यातला गणपती उरला, तळ्याची सारसबाग झाली. नगररचनेच्या दृष्टीने ही विलक्षण कामगिरी होती, यात शंका नाही.

परंतु वळवलेला ओढा नाहीसा होत नसतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजपासून दत्तवाडीपर्यंत आंबील ओढ्याला पूर आला. भिंती कोसळल्या, माणसे वाहून गेली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि पाठोपाठ खडकवासला, त्याची आठवण पुणेकर पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत, कारण तो नदीचा पूर होता आणि धरणाला नाव होते. ओढ्याच्या पुराला असा आठवणींचा वारसा नाही. ज्या प्रवाहाला शहराने नाला म्हणायला सुरुवात केली त्याच्या काठी घर बांधताना, हे पाणी मूळचे कुठून कुठे जात होते, असे कोण विचारणार? आणि तिथे घर बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांना दुसरीकडे जागा परवडत नव्हती, हेही इथेच नोंदवले पाहिजे.

जोगेश्वरीपासून शनिवारवाड्याच्या अंगाने आम्ही परत कसब्यात आलो. पायांनी वर्तुळ पुरे झाले, पण त्यातला पश्चिमेचा तुकडा आम्ही रिक्षा आणि दुचाकींच्या गर्दीतून, कोरड्या डांबरावरून चाललो. तांबट आळीत संध्याकाळी ठोक्यांचा आवाज चालू होता.