एकक अंतर जपणारी चित्रणे : एक तळटीप

* एकक अंतर जपणारे चित्रण सगळीच अंतरे जपते, हे प्रमेय बेकमन आणि क्वार्ल्स यांचे (१९५३). ते वास्तव संख्यांच्या अवकाशापुरते आहे, तेही दोन किंवा अधिक मितींत. लेखकाने ही अट गाळली आहे. निर्देशक परिमेयच हवेत म्हटले की प्रतलात ते कोसळते. कारण जुन्याच पायथागोरसी त्रिकुटांत दडलेले आहे. एकक लांबीचे पाऊल (क/ग, ख/ग) असे अतिसंक्षिप्त रूपात लिहिले, तर ग विषम येतो आणि क, ख यांपैकी नेमका एक विषम. उदाहरणार्थ (३/५, ४/५). म्हणजे प्रत्येक पावलागणिक अंशांच्या बेरजेचा सम-विषमपणा उलटतो, आणि सगळे परिमेय बिंदू दोन रंगांत असे रंगवता येतात की एकक अंतरावरचे दोन बिंदू कधीच एका रंगाचे नसतात. आता एका रंगाचे सारे बिंदू (०, ०) वर टाका, दुसऱ्याचे (१, ०) वर. एकक अंतर शाबूत, बाकी सगळ्यांचा चेंदामेंदा! तीन मितींतही हीच युक्ती चालते. चार मितींत (१/२, १/२, १/२, १/२) असेही पाऊल पडते, त्यामुळे रंग चार लागतात. प्रमेय मात्र तिथेही वाचत नाही. पाच मितींपासून पुढे ते परिमेय अवकाशातही खरे ठरते, हे जोसेफ झाक्स यांनी दाखवले. — संपा.