घाट उतरण्याची विद्या

मंडळी, बारामती-इंदापूरचा आपला मुलूख बहुतेक सपाट. निरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास या रानात आले, ऊस वाढला, गुऱ्हाळे पेटली, पुढे साखर कारखाने उभे राहिले. माल पिकला पठारावर. पण त्याची मोठी पेठ मुंबई, आणि मुंबई सह्याद्रीच्या पायथ्यापलीकडे. त्यामुळे आपला ड्रायव्हर शिकतो सपाटीवर आणि भरला ट्रक घेऊन उतरतो बोरघाटात. तेव्हा या घाटाने माणसाला काय शिकवले, ते पाहू या.

पूर्वी इथून ओझ्याचे बैल जात. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला केला. चढावर बैल दमतात, हे सर्वांना ठाऊक. पण खरी धास्ती उताराची! भरली गाडी उतारावर बैलांच्या मानेवर येते. तिथे आसूड उपयोगाचा नाही. गाडी आधीपासूनच अडवत, सावकाश न्यावी लागते.

मग १८६३ साली आगगाडी आली. सुमारे साडेपंचवीस किलोमीटरांत ५५८ मीटर उंची चढायची. ही वाट एका धनगराने दाखवली असे लोक सांगतात. त्या शिंग्रोबाचे देऊळ घाटात आहे आणि येणारे-जाणारे ड्रायव्हर तिथे हात जोडतात. रेल्वेनेही उताराचेच भय धरले. मुख्य मार्गाला बाजूने वर चढणारे रूळ जोडले. सांधा एरवी त्या चढत्या फाट्याकडेच वळवलेला असे. गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटल्यावरच पुढचा मार्ग मिळे. सुटलेली गाडी फाट्यावर चढून आपोआप थांबावी, ही योजना. म्हणजे गाडी कधीतरी सुटेल, हे आधीच धरून चालले होते.

आता ट्रककडे येऊ. गुरुजी, हे गणित वर्गात फळ्यावर मांडा. पाचशे मीटर उंची उतरताना ट्रकमधून जेवढी शक्ती बाहेर पडते, ती ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारा तोच ट्रक थांबवायला लागणाऱ्या शक्तीच्या सुमारे ३५ पट भरते! हे सारे एकट्या ब्रेकवर टाकले तर त्याची उष्णता होते, ड्रम तापतो, लायनिंगची पकड सुटते. पाय पेडलवर दाबलेला असतो, आणि गाडी मात्र ऐकत नाही.

म्हणून जाणते ड्रायव्हर उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकतात. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरते, आणि ब्रेक वळणासाठी, अडचणीसाठी शिल्लक राहतो. वेग वाढल्यावर खालचा गिअर टाकायला जावे, तर तो पडेलच असे नाही. मधल्या मध्ये गाडी मोकळी सुटते. डिझेल वाचेल म्हणून कुणी गाडी न्यूट्रल करून सोडतात. असे वाचलेले चार पैसे फार महागात पडतात. इंजिन बंद केले तर आणखी वाईट: हवेच्या ब्रेकला नवी हवा मिळत नाही आणि स्टिअरिंगही जड होते. अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, हा कायद्याचाही नियम आहे.

२००२ पासून रुंद द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आहे. रस्ता रुंद झाला, तरी डोंगराची उंची कमी झाली नाही. बैलगाडीवाला, रेल्वेवाला आणि ट्रकवाला, तिघांचा धडा एकच: आवरायचे ते उताराच्या माथ्यावर, मध्यावर नव्हे.

आणि मालाच्या धन्यांनो, घरच्या माणसांनो, घाटात असलेल्या ड्रायव्हरला ‘कुठवर आलास, लवकर पोच’ म्हणून फोन करू नका. गूळ, साखर तासभर उशिरा पोचली तरी चालते. माणूस घरी आला पाहिजे.